आधी देव, मग देवाचे काम : पास्टरेट कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांच्या पास्टरेट कमिट्यांचे (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे) सभासद, सेक्रेटरी, खजिनदार, तसेच महिला मंडळ, तरुण संघ आणि संडे स्कूल चालवणारे सर्व जण

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावात सलाम.

मत्तय ६:३३ आपल्यापैकी कुणाला पाठ नाही? वेदीमागच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, नव्या घराच्या दारावर, रिक्षाच्या काचेवरसुद्धा ते असते. ‘पहिल्याने त्याचे राज्य.’ आमचे सगळे म्हणणे त्यातल्या ‘पहिल्याने’ या एका शब्दापुरते आहे. हा शब्द क्रम सांगतो, आणि क्रम तपासून बघता येतो. माणसाने देवाला कितवे ठेवले आहे ते त्याच्या साक्षीपेक्षा त्याच्या पासबुकावरून लवकर कळते: पगार झाला त्या दिवशी पहिला पैसा कुठे गेला, सकाळी हात पहिल्यांदा कशाकडे गेला. मंडळीचेही तसेच. तिची विषयपत्रिका, तिचे अंदाजपत्रक आणि रविवारी सकाळची तिची धावपळ, एवढे तीन कागदपत्र पुरतात.

ते समोर ठेवून बसले की एक अवघड गोष्ट दिसू लागते. जग समोरून येते, म्हणून ओळखू येते. संदेशात त्याला झोडपताही येते. पण आपल्याकडे देवाची पहिली जागा बहुतेक वेळा बळकावते ते देवाचे काम. कंपाउंडची भिंत, नाताळचा मंडप, साउंड सिस्टीम, कोर्टाची तारीख, निवडणुकीची मतदार यादी. सगळ्यांवर ‘प्रभूची सेवा’ असे लेबल असते, त्यामुळे कुणी हटकत नाही.

बैठकीपासून सुरुवात करू, कारण ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे. नेहमीची बैठक अशी चालते. वेळ सातची, कोरम भरतो साडेसातला. पाळकसाहेब एक मिनिट प्रार्थना करतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जाते आणि त्यातल्या एका वाक्यावर अर्धा तास जातो. मग जमाखर्च, मग भाडेकरू, मग कब्रस्तानाची भिंत, मग वकिलांची फी. सव्वादहाला ‘ऐनवेळचे विषय’ येतात, तेव्हा एखादी बाई सांगते की अमुक कुटुंब चार महिने उपासनेला दिसले नाही. ‘पाळकसाहेब, तुम्ही एकदा जाऊन या,’ असे ठरते, आशीर्वाद होतो आणि चहाचे कप गोळा केले जातात.

हा क्रम उलटा करा. पहिली वीस मिनिटे वचन आणि प्रार्थना. दहा-बारा वचने एकाने वाचावीत, भाष्य नको. मग नावे घेऊन तीन-चार जणांनी प्रार्थना करावी. आजारी, अंथरुणाला खिळलेले, नोकरी गेलेले, बोर्डाच्या परीक्षेला बसलेली मुले, अशी यादी सेक्रेटरीने आधी तयार करून आणावी. ‘सर्व आजाऱ्यांना स्पर्श कर’ म्हणून सुटका करून घेऊ नये; नाव घ्यायचे तर आधी चौकशी करावी लागते, आणि तिथूनच भेट सुरू होते. दुसरा विषय माणसांचा: कोण येईनासे झाले, कुणाचे कुणाशी बिनसले, कुणाच्या घरी चूल अडली आहे. प्रत्येक नावापुढे कोण भेटणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे इतिवृत्तात लिहा. पुढच्या बैठकीत तीच ओळ आधी वाचा. तिसरा विषय उपासना आणि संडे स्कूल. मालमत्ता सर्वांत शेवटी, तीस मिनिटे, घड्याळ लावून.

मालमत्तेची कामे थांबत नाहीत, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टखाली विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी खबर, द्यावा लागतो. कलम ३६ प्रमाणे विश्वस्त मालमत्ता विकायची, बदलायची किंवा बक्षीस द्यायची, शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि इतर जमीन वा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. ३१ मार्चला हिशेब बंद करून ऑडिट करून घ्यावे लागते. यात हयगय झाली की पुढच्या पिढीला ती कोर्टात निस्तरावी लागते. म्हणूनच ही कामे पंधरा जणांनी रात्री दहा वाजता, अर्धवट कागद बघून करायची नसतात. तीन जाणत्या माणसांची उपसमिती नेमा. तिने वेगळ्या दिवशी बसावे आणि कमिटीपुढे एक पानाचा अहवाल ठेवावा.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये नेमके हेच झाले आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती उडवून लावली नाही आणि स्वतः वाढपीही झाले नाहीत. सात माणसे निवडून ते काम पूर्णपणे त्यांच्या हाती दिले आणि आपण प्रार्थना व वचनाची सेवा धरून राहिले. त्या सात जणांची पात्रताही पाहा: नावलौकिक, आत्मा आणि शहाणपण. आपण मात्र हिशेबाच्या कामाला ‘कॉमर्स झालेला आहे का’ एवढेच विचारतो.

आणखी एक नियम करा: साडेनऊनंतर ठराव नाही. सकाळी सहाच्या पाळीला जाणारा सभासद आणि घरी लहान मूल ठेवून आलेली सभासद नऊ-सव्वानऊलाच उठतात. उरतात ते वेळ असलेले आणि हट्ट असलेले. उशिरा रात्री झालेले ठराव पुढच्या बैठकीत का मोडतात, याचे कारण यातच आहे.

प्रार्थनेला एवढा वेळ दिला तर काम कोण करणार, ही शंका आपल्याच भूमीत फिटलेली आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये खास प्रार्थनेसाठी बोलावले तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या शेकड्यांत गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आणि शेकडो दुष्काळग्रस्त मुली व विधवांच्या दोन वेळच्या जेवणाचा पसारा होता. काम थांबले नाही. प्रार्थना कामाच्या आधी होती, एवढेच.

आता रविवार. साडेआठच्या उपासनेला आठ वाजता व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, डोकावून बघा. एका टेबलावर वर्गणीचे पावतीबुक उघडे आहे, दुसरीकडे कॉर्डलेस माइकच्या बॅटऱ्या शोधणे चालू आहे, कॉयरचा मुलगा विचारतो आहे की तिसरे गीत कोणत्या चालीवर, आणि पाळकसाहेब झगा चढवता चढवता लग्नाच्या तारखेबद्दल दोघांशी बोलत आहेत. धडा वाचणाऱ्याला पायरीवर गाठून सांगितले जाते, ‘आज तू वाच.’ तो बिचारा पुलपिटावर उभा राहून मीखा आणि हबक्कूकच्या मध्ये नहूम शोधतो आणि मंडळी खोकते. या सगळ्या गडबडीत देवाशी कुणाचे बोलणे झाले असेल, असे वाटत नाही.

यावर उपाय शनिवारी आहे. शनिवारी रात्री आठपर्यंत गीतांचे नंबर फळ्यावर लागलेले असावेत, माइक तपासलेले असावेत, बॅटऱ्यांचा एक जादा जोड कपाटात असावा, प्रभुभोजनाची भाकर आणि पेले मोजून झाकलेले असावेत. दोन्ही धड्यांचे वाचक बुधवारपर्यंत ठरवा आणि त्यांना घरी मोठ्याने तीनदा वाचायला सांगा. अडखळणारी नावे तिथेच सुटतात. पावतीबुक उपासना संपेपर्यंत कुलपात. आठ दहाला व्हेस्ट्रीचे दार बंद करावे आणि त्या दिवशी सेवा करणाऱ्या सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र प्रार्थना करावी. दार बंद झाल्यावर आलेला निरोप, कितीही महत्त्वाचा असला, उपासनेनंतर. पहिले दोन-तीन रविवार लोक रागावतील, मग सवय होईल.

सेवकांचा प्रश्न याहून खोल आहे. संडे स्कूलची शिक्षिका वर्षानुवर्षे संदेश ऐकत नाही, कारण त्याच वेळी तिचा वर्ग असतो. साउंडवर बसलेला मुलगा प्रार्थनेतही मिक्सरच्या दिव्यांकडे बघत असतो. दारावर स्वागताला उभा असलेला पंच संदेशाच्या वेळी बाहेर गाड्या लावून घेतो. येशू घरी आला असता पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेला त्याने स्वयंपाकाबद्दल बोल लावले नाहीत. ती पुष्कळ गोष्टींनी त्रासली होती, हे दाखवून दिले. आपण मार्था तयार करतो आणि वर तिला शालही घालतो. हिशेब सोपा आहे. एका वर्गाला सहा शिक्षक असतील तर दोघादोघांच्या तीन जोड्या करा. वर्षातल्या ५२ रविवारांपैकी प्रत्येक जोडीला १७ किंवा १८ रविवार येतात; उरलेले ३४-३५ रविवार ती मंडळीत बसून वचन ऐकते. सहा शिक्षक मिळत नाहीत असे म्हणाल, तर बहुधा कारण हेच असते: एकदा हो म्हटले की सुटका नाही, हे लोकांनी पाहिलेले आहे. एका माणसाकडे दोनच पदे, आणि सलग तीन वर्षांनंतर एक वर्ष सक्तीची विश्रांती, असा नियम केला की नवे लोक पुढे यायला धजतात. जुन्यांपैकी काहींना ती विश्रांती शिक्षा वाटेल. ज्याला तशी वाटेल त्यालाच ती सर्वांत जास्त हवी आहे.

ज्यांचा रविवार त्यांच्या हातात नाही त्यांचा विचारही कमिटीनेच करायचा. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नर्सेसची ड्युटी चार्टप्रमाणे फिरते. त्यांना ‘देवाला पहिले स्थान द्या’ असे पुलपिटावरून ऐकवण्याआधी महिन्यातून दोन गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तासाभराची उपासना आणि त्यातल्या एकीत प्रभुभोजन ठेवा. दहा माणसे आली तरी ठेवा.

पैशाकडे वळू. येथे आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक भांडणे इथेच पेटतात.

दानाची मोजणी उपासना संपल्याबरोबर, पिशव्या टेबलावरून हलण्याआधी व्हावी. मोजणारे दोघे, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, आणि दर महिन्याला जोडी बदललेली. नोटांची फोड छापील चिठ्ठीवर: ५०० च्या किती, २०० च्या किती, खाली नाणी, खाली अक्षरी एकूण, दोघांच्या पेनने सह्या. क्यूआर कोडवर आलेली रक्कम त्याच चिठ्ठीवर वेगळ्या ओळीत. सोमवारी भरणा आणि स्लिप त्याच चिठ्ठीला टाचलेली. चूक कुठे होते? मंडपवाला दारात उभा असतो आणि कुणीतरी पिशवीतूनच त्याला १,५०० रुपये देऊन टाकतो, ‘नंतर व्हाउचर करू’ म्हणून. त्या क्षणी जमाही खोटी झाली आणि खर्चही. पैसे कुणी खाल्लेले नसतात, तरी सहा महिन्यांनी संशय उभा राहतो आणि एक प्रामाणिक माणूस मंडळी सोडतो. पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेला पैसा नेताना सोबत माणसे घेतली आणि कारणही लिहून ठेवले: प्रभूच्या दृष्टीने बरोबर असणे पुरत नाही, माणसांच्या दृष्टीनेही बरोबर असावे लागते. २ करिंथ ८:२०-२१. खजिनदाराच्या टेबलावर हे वचन काचेखाली असावे.

अंदाजपत्रकात क्रम कसा दिसतो ते एका नमुन्यावर पाहा. समजा रविवारचे दान सरासरी ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,६८,०००. १८० कुटुंबे दरमहा १५० रुपये वर्गणी देतात, म्हणजे ३,२४,०००. सुगीचा सण आणि इतर उपकारस्तुतीची दाने १,५०,०००. एकूण ९,४२,०००. जी मंडळी सभासदांना दशांश शिकवते तिने स्वतःचा दशांश, ९४,२०० रुपये, आधी बाजूला काढायला नको का? स्वतःच्या भिंतींबाहेर: गरीब निधी, दवाखान्याची बिले, सुवार्तेचे काम, मंडळीशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याची अडचण. बहुतेक अंदाजपत्रकांत ही बाब शेवटून दुसरी असते आणि तिच्यापुढे पाच हजार लिहिलेले असतात, तेही खर्च होत नाहीत. ती पहिल्या ओळीवर आणा आणि पैसे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेगळ्या खात्यात टाका. दुसऱ्या ओळीवर पाळकांचे मानधन आणि डायोसिसचा (धर्मप्रांताचा) वाटा, वेळेवर. रंगरंगोटी त्यानंतर. अनुवाद २६ मध्ये पहिल्या उपजाची टोपली आणि लेवी, परका, अनाथ, विधवा यांचे पोट भरणे एकाच अध्यायात, एकाच श्वासात सांगितले आहे.

सुगीच्या सणाच्या लिलावाबद्दल बोलणे अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. वेदीपुढे ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, कोंबडे, नारळ, कुणा म्हातारीने पदराखाली आणलेली सहा अंडी. उपासना सुंदर होते. मग अंगणात लिलाव सुरू होतो आणि माइकवर नावे पुकारली जातात. पन्नास रुपयांचा भोपळा पाच हजारांवर जातो, कारण समोरच्या भावकीने साडेचार हजार म्हटलेले असते. टाळ्या पडतात. फेब्रुवारी उजाडतो तरी त्यातली बरीच बोली उधार असते आणि खजिनदार वसुलीसाठी दारोदार फिरतो. देवाला वाहिलेली वस्तू अशा रीतीने माणसाच्या मोठेपणाच्या कामी आली. लिलाव बंदच करा असे आमचे म्हणणे नाही. धान्य, भाजी वाया जाऊ नये म्हणून तो हवा. रक्कम माइकवर पुकारू नका, बोली चिठ्ठीवर घ्या, पैसे त्याच दिवशी किंवा सात दिवसांच्या आत, आणि दर वर्षी चांगल्यातले चांगले दहावा हिस्सा सामान लिलावाला न काढता थेट गरजू घरी पोचवा. ती सहा अंडी आधी तिकडे जाऊ द्या.

लेवीय २३ मध्ये एक बारकावा आहे, तो शेतकरी माणसालाच नीट कळेल. पहिली पेंढी देवापुढे येईपर्यंत नव्या पिकाची भाकर नाही, भाजलेले दाणे नाहीत, हिरवी कणसेही नाहीत. म्हणजे हुरडासुद्धा नाही! तोंडाला पाणी सुटलेले असताना हात आवरायचा, तेव्हा ते ‘पहिले’ ठरते. पोट भरल्यावर दिलेले दान असते, पण पहिले नसते. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० पासून हीच गोष्ट स्वयंपाकघरात आणली. दर वेळी भात शिजवायच्या आधी, तांदूळ धुण्याआधी, एक मूठ वेगळ्या डब्यात. त्याला बुहफाइथाम म्हणतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांनी मोठी कामे उभी केली. आपल्याकडे पीठ मळण्याआधी मूठ काढायला कुणाची हरकत आहे? महिला मंडळाने डबे वाटावेत, महिन्याच्या पहिल्या शनिवारी गोळा करावेत, आणि ते पीठ-तांदूळ त्याच आठवड्यात वाटून संपवावेत. साठवले की पोरकिडे होतात आणि उत्साहही जातो.

घराघरांतल्या पैशाविषयी मंडळीत काय शिकवावे? हाती ३२,००० येणाऱ्या माणसाचा दशांश ३,२०० होतो. घरभाडे आणि हप्ते भरून महिन्याच्या अखेरीस बघू म्हणणाऱ्याकडे ३,२०० कधीच उरत नाहीत, ३०० उरतात. तेव्हा पगाराच्या दिवशीच पाकीट भरायचे. एकदम दहावा हिस्सा झेपत नसेल तर तीन टक्के, ९६० रुपये, पण पहिल्या दिवशी. दर वर्षी एक टक्का वाढवत नेला तर सात वर्षांत दशांश पुरा होतो. शेतकऱ्याला महिना नसतो. कांद्याची पट्टी हातात पडली की बियाणे, खत, तोलाई, गाडीभाडे वजा करून उरलेल्याचा हिशेब करावा. पण त्याआधी मजुरांची मजुरी चुकती करावी. मजुराचा दाम रात्रभर अडवू नको, हे लेवीय १९:१३ मध्ये आहे. खुरपणीच्या बायकांचे पैसे पुढच्या बाजारावर ढकलून चर्चमध्ये पाकीट टाकणाऱ्याने याकोब ५:४, अडवलेली मजुरी ओरडते ते वचन, एकदा वाचावे. आणि ज्याने सावकाराकडून शेकडा तीनने ५०,००० उचलले आहेत, त्याचे महिन्याला १,५०० नुसते व्याजात जातात. त्याच्यावर पुलपिटावरून ‘सगळा दशांश आणा’ सांगणारे मलाखी ३:१० रोखू नका. गरीब निधीतून त्याचे मुद्दल फेडायला हातभार लावा, आणि तोपर्यंत त्याची दहा रुपयांची नोट पूर्ण दान म्हणून स्वीकारा.

वेळेचे गणित पैशापेक्षा सोपे आणि पाळायला अवघड. सकाळी उठल्यावर पहिला हात मोबाईलकडे गेला की पुढची वीस मिनिटे त्याची. त्याला रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी दोनशे रुपयांचे गजराचे घड्याळ ठेवा. आत्मिक वाढीवर बोलायला दुसरे काही नसेल तर कमिटीने निदान हे एवढे जाहीर करावे. वाचनाबाबत, १ जानेवारीला सगळे शास्त्र वर्षात संपवायचा तक्ता वाटला जातो. एकूण १,१८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय झाले की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लेवीय लागते, आणि निम्मी मंडळी तिथे गळते. नवख्याला मार्कापासून सुरू करून द्या: १६ अध्याय, १६ दिवस. मग रोज एक स्तोत्र आणि लूक. गळालेल्याने मागचे भरून काढत बसू नये; आजच्या तारखेपासून पुढे जावे.

कौटुंबिक प्रार्थना रात्री जेवणानंतर ठेवली की मोडते. जेवण झाले की मुले अभ्यासाला, बाई भांड्यांना, बाप टीव्हीसमोर. जेवणाच्या आधी, ताटे मांडून झाल्यावर, बारा मिनिटे: एका गीताची दोन कडवी, दहा वचने मुलांनी आळीपाळीने वाचायची, एक प्रश्न, एकाची प्रार्थना. भूक लागलेली असल्याने ती लांबत नाही. वडिलांनी त्यात प्रवचन करू नये आणि मुलाच्या मार्कांचा विषय प्रार्थनेतून काढू नये. मुलाला लगेच कळते की बाबा देवाशी नाही, आपल्याशी बोलत आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हेच आम्ही सांगतो, सर्वांत आधी देव. थांबा. हा शब्द घरात दुखवायलाही वापरला जातो. सलग तीन रात्री उपवास-प्रार्थनेला जाणारा मुलगा आणि घरी औषधाच्या वेळा चुकलेली आई, हे दृश्य येशूच्या ओळखीचे होते. ‘कुर्बान’ म्हणून, देवाला वाहिले म्हणून, आईबापांचा वाटा अडवणाऱ्यांना त्याने मार्क ७ मध्ये कडक शब्दांत सुनावले. म्हणून कमिटीने स्वतःला एक बंधन घालावे: कोणत्याही एका माणसाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त संध्याकाळी मंडळीच्या कामासाठी बोलवायचे नाही. आणि उपवासाच्या घोषणेबरोबर दर वेळी हेही जाहीर करावे की मधुमेहाचे इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि वृद्धांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. औषध घेऊन पोट रिकामे राहिले की साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भ्रमल्यासारखा बोलू लागतो. अशा वेळी भोवती हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करत राहू नका. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता गाडी बोलवा. औषध बंद करणे ही विश्वासाची खूण आहे असे कुणी पाहुणा वक्ता सांगत असेल, तर त्याच सभेत उठून पाळकांनी किंवा सेक्रेटरीने ते खोडून काढावे.

पाळकांबद्दल थोडेच. दोन सकाळी, नऊ ते बारा, त्यांना अभ्यासाला आणि प्रार्थनेला मोकळ्या ठेवा. त्या वेळात तहसील कचेरी नाही, गॅसचा नंबर नाही, फोनही नाही. सोमवारी सुट्टी. शनिवारी रात्री अकराला तयार झालेला संदेश मंडळीला ओळखता येतो.

भांडणे मात्र प्रभुभोजनाआधी मिटवायची, नंतर नव्हे. मत्तय ५:२३-२४ मध्ये दान वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे, तेव्हा इथे क्रम देवानेच लावून दिला आहे. प्रभुभोजनाची घोषणा दोन रविवार आधी करा, म्हणजे मध्ये चौदा दिवस मिळतात. निवडणुकीत विरुद्ध पॅनेलमध्ये उभे राहिलेले दोघे त्या चौदा दिवसांत एकमेकांच्या घरी चहाला गेले नाहीत, तर पुढची बैठक त्याच विषयाने सुरू करा. ज्यांची पदे आपण दर रविवारी गातो त्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही शिष्य एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. आपल्याला एका पास्टरेटमधली दोन पॅनेल एका बाकावर बसवता येत नाहीत.

तुमच्या पुढच्या बैठकीची विषयपत्रिका अजून निघाली नसेल तर एवढेच करा: कच्चा कागद घ्या, शेवटचे दोन विषय उचलून वर आणा, आणि आजाऱ्यांची यादी त्याला टाचा.

ख्रिस्तात आपले,
आपल्याच मंडळ्यांतले काही सभासद

ता. क. हे पत्र बैठकीत वाचून दाखवणार असाल तर साडेनऊच्या आत वाचा.